कासला मुक्कामाची परवानगी काढून देतो म्हणाला

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि दर तासाभराने बाथरूमला जावं लागतं. त्यामुळे गेली चार वर्षं लग्नकार्य सोडलं तर ती घराबाहेर पडलेली नाही. साताऱ्यात राहून कास पठारावरची फुलं तिने शेवटची बघितली ती बाबा असताना.

म्हणून ऑगस्टमध्ये मोबाइलवर कॅम्पर व्हॅनची जाहिरात दिसली आणि मी थांबलो. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज आणि संडास-बाथरूम. त्या शेवटच्या सोयीपुढे मला दुसरं काही दिसलंच नाही. बायकोबरोबर बसून चार दिवसांचा बेत केला : ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, एक रात्र कासला, मग बामणोली, पाटणवरून कोयनानगर आणि शेवटी सांगली जिल्ह्यात चांदोली धरण.

फोनवरचा माणूस गोड बोलायचा. गाडी पुण्याहून येणार, ड्रायव्हर सोबत, दिवसाला ७,५०० रुपये. १५,००० ॲडव्हान्स पाठवला. लगेच पावती आली, करारपत्र आलं, आधार कार्डाचा फोटोसुद्धा आला. दोन दिवसांनी परत मिळणारं डिपॉझिट म्हणून १२,००० गेले. आईच्या गुडघ्यांचं मीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी त्याने व्हिडिओ पाठवला, गाडीच्या दाराशी लावलेल्या जादा लाकडी पायरीचा. ‘सर, खास आईंसाठी बसवून घेतली.’ मी तो आईला दाखवला. तिने तो दोनदा बघितला आणि शेजारच्या काकूंनाही दाखवला. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण या पायरीचा राग माझ्या मनातून जात नाही.

मग आलं कासच्या मुक्कामाचं. ‘वनखात्याची स्पेशल परवानगी काढून देतो, पठारावरच गाडी लावू, पहाटे दार उघडलं की समोर फुलं.’ त्याचे ८,५००. इथे मी, सातारकर माणूस, थांबायला हवं होतं. २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं ते पठार आहे. हंगामात ठरलेल्या संख्येने ऑनलाइन पास मिळतात, तेही दिवसाचे, आणि गाड्या अलीकडे वाहनतळावर लावाव्या लागतात. फुलांत गाडी लावून झोपायची परवानगी कुणी देत नाही. हे मला माहीत होतं. पण ‘स्पेशल’ या शब्दावर मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्याला जातात तिथेही संध्याकाळच्या आत परत यावं लागतं, कोयना अभयारण्यात रात्री राहू देत नाहीत. एखादा माणूस अशा जागी पैसे घेऊन मुक्काम देतो म्हणाला, तर गाडी खरी की खोटी हे तपासत बसायचीही गरज नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही वाढे फाट्यावर उभे. आईला घरची खुर्ची नेऊन बसवलं होतं. मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सहाला ड्रायव्हर म्हणवणाऱ्याचा फोन आला, ‘खंबाटकीत अडकलोय, फास्टॅगचा बॅलन्स संपलाय, ६,००० टाका, हिशोबात धरू.’ टाकले. त्यानंतर दोन्ही फोन बंद. आठ वाजेपर्यंत आई एकदाही काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘चल, ऊन लागायला लागलं.’

घरी येऊन व्हिडिओ पुन्हा नीट बघितला. नंबर प्लेट पांढरी होती, म्हणजे खाजगी गाडीची. भाड्याने ड्रायव्हरसह चालणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि काळे आकडे असतात, स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे. तो नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकला तर मोटारसायकल निघाली. दोन मिनिटांचं काम, ॲडव्हान्स पाठवण्याआधी करायचं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच सकाळी फोन केला. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, मागितला, म्हणून तो स्क्रीनशॉटसह जपून ठेवा. सकाळचे ६,००० पुढच्या खात्यात गोठवता आले, कारण जेमतेम तीन तास झाले होते. आधीचे ३५,५०० खात्याखात्यांतून कधीच निघून गेले होते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवली. लाजेपोटी मी दुपारपर्यंत गप्प बसलो असतो तर तेही ६,००० गेले असते.

पुढच्या आठवड्यात ओळखीतून एका खऱ्या कॅरव्हॅनवाल्याशी बोललो. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा व्यवसाय करणारे काही जण आहेत. त्या गृहस्थांनी भाडं सांगायच्या आधी मलाच विचारलं : रात्री गाडी कुठे लावणार? तिथे लाइटचं कनेक्शन आहे का? पाण्याची टाकी कुठे भरणार, संडासाची टाकी कुठे रिकामी करणार? कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटात एवढी गाडी पावसात नेणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मुक्काम करायचा तर शौचालय आणि वीज असलेल्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात, मालकाशी आधी बोलून. मी ऐकत होतो आणि मला सगळं उलगडत होतं. त्या भामट्याने तीन आठवड्यांत यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी जे जे मागितलं त्याला तो फक्त ‘हो सर’ म्हणाला होता.

काल तोच व्हिडिओ वेगळ्या नावाच्या अकाउंटवर दिसला. गाडी तीच, लाकडी पायरी तीच. खाली इस्लामपूरच्या एका ताईंनी विचारलंय, ‘दिवाळीत सासूबाईंना घेऊन जायचंय, मिळेल का?’ अकाउंटची तक्रार केली आणि ताईंना लगेच मेसेज पाठवला. अजून त्यांनी तो उघडलेला दिसत नाही.