झॉर्क १ : चौकटीची वही आणा, मगच खेळायला बसा

नाशकात पाऊस असा धरलाय की कॉलेज रोडला चक्कर मारायचं पण जिवावर येतं, त्यामुळे बरेच दिवस राहिलेला झॉर्क १ हा जुना कम्प्युटर गेम शेवटी लॅपटॉपवर खेळून काढला. यात चित्र एकही नाही हां, नुसता मजकूर. तुम्ही ‘ओपन मेलबॉक्स’ टाइप करायचं, गेम सांगणार आत एक पत्रक आहे. भाच्याने मागून डोकावून विचारलं, ‘मामा, ग्राफिक्स कधी येणार?’ आणि उत्तर ऐकून सरळ उठून गेला.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या चार जणांनी १९७७ ला पीडीपी-१० या मोठ्या कम्प्युटरवर हा गेम लिहायला घेतला, पण घरगुती कम्प्युटरवर अख्खा मावेना म्हणून इन्फोकॉम कंपनीने त्याचे तीन तुकडे केले आणि पहिला भाग १९८० ला टीआरएस-८० या घरगुती कम्प्युटरवर नि मग ॲपल टू वर आला.

सुरुवात पांढऱ्या घरासमोर. पुढचं दार फळ्या ठोकून बंद, मागे एक खिडकी किंचित उघडी. दिवाणखान्यात तलवार, पितळी कंदील, आणि गालिचा सरकवला की तळघराचं दार, तुम्ही खाली उतरलात की कोणीतरी वरून ते धाडकन लावून अडसर घालतं, आता बसा. त्या काळच्या बऱ्याच गेमांना दोनच शब्द कळायचे, याला ‘किल ट्रोल विथ स्वोर्ड’ (राक्षसाला तलवारीने मार) असं अख्खं वाक्य कळतं, आणि टोमणे तर असले भारी की उगाच ‘जंप’ टाइप केलं तर म्हणतो, छान, आता दुसरीत जा!

डोक्याला शॉट म्हणजे भूलभुलैया. सगळ्या खोल्यांचं वर्णन सेम, म्हणून ओळखायला प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायचं, तर तळघरात फिरणारा एक मेला चोर येऊन वस्तूच उचलून नेतो. शिवाय उत्तरेला गेलात म्हणून दक्षिणेने परत याल असं काही नाही. मी रविवार कारंजावरून चौकटीची वही आणली आणि बाण काढत बसलो, साध्या कागदावर नुसता गोंधळ होतो. कंदिलाची बॅटरी पण संपते, मग अंधारात ग्रू नावाचा राक्षस खाऊन टाकतो, त्यामुळे खाली कायम जळणारी मशाल आहे ती लवकर शोधा आणि सेव्ह करत राहा.

झाडावरचं रत्नजडित अंडं स्वतः फोडायला जाऊ नका, आतली वस्तू मोडते. ते नीट उघडायची कला त्या चोराकडेच आहे, म्हणजे ज्याला सारख्या शिव्या घातल्या त्यालाच अंडं द्यायचं, हे कोडं मला सगळ्यात आवडलं.

ब्राउझरमध्ये पण चालतो. २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिन्ही भागांचा सोर्स कोड खुला केलाय, प्रोग्रामिंगवाल्यांनी जरूर चाळा. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर नादी लागू नका. माझ्याकडून पाचपैकी चार, एक मार्क भूलभुलैयाचा कापला.