पायथॉनचं हीपक्यू: पाच वर्षं वापरल्यावर

पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पलची रांग लावणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. आयसीयूचं सॅम्पल आलं की ते रूटीनच्या पुढे गेलंच पाहिजे. ही रांग पाच वर्षं हीपक्यूवर (heapq, प्रायॉरिटीप्रमाणे रांग लावायला पायथॉनसोबतच येणारं मॉड्यूल) चाललीये आणि मला हे मॉड्यूल मनापासून आवडतं.

वेगळा क्लास नाही, काही इन्स्टॉल करायचं नाही. आपली साधी लिस्टच हीप होते, म्हणजे प्रत्येक नोंदीखाली दोन 'मुलं' आणि ती तिच्यापेक्षा लहान नसतात अशी मांडणी. 3 नंबरच्या घराची मुलं 7 आणि 8 मध्ये, आणि सगळ्यात लहान नोंद कायम 0 च्या घरात. दहा लाख नोंदी असल्या तरी एक घालायला किंवा काढायला साधारण वीसच पातळ्या ओलांडाव्या लागतात. लिस्ट आधीच भरलेली असेल तर एकेक नोंद पुश करत (घालत) बसू नका, अख्ख्या लिस्टचा हीप करणारं हीपिफाय एकदाच चालवा.

एकदा मात्र रात्री दीडला लॅबमधून फोन आला: रांग थांबलीये. मी हीपमध्ये प्रायॉरिटी (लहान आकडा आधी) आणि सॅम्पलची डिक्शनरी (त्याची माहिती) अशी जोडी टाकत होते. त्या रात्री 2 प्रायॉरिटीची दोन सॅम्पल्स आली. पहिला आकडा सारखा निघाल्यावर पायथॉन पुढच्या घटकाची तुलना करायला गेला. दोन डिक्शनऱ्यांत लहान-मोठं ठरत नाही, म्हणून टाइपएरर ही चूक दाखवून प्रोग्राम थांबला. टेस्टमध्ये मी सगळ्या प्रायॉरिटी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे हे कधी दिसलंच नाही. उपाय एका ओळीचा आहे: प्रायॉरिटी आणि डिक्शनरीच्या मध्ये पायथॉनच्याच इटरटूल्स मॉड्यूलमधल्या काउंटचा चढता नंबर घाला. त्याने आधी आलेलं सॅम्पल आधी निघतं, हेही साधतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे; तो भाग कोड लिहायच्या आधी वाचा.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. डॉक्टरांचा फोन येतो, रूटीन सॅम्पल अर्जंट करा. हीपमधल्या नोंदीची प्रायॉरिटी बदलायला फंक्शनच नाही. जुन्या नोंदीवर 'काढली' अशी खूण करायची, नवी टाकायची आणि पॉप करताना (नोंद बाहेर काढताना) खुणेच्या नोंदी फेकून द्यायच्या. चालतं, पण मेलेल्या नोंदी तळाशी साचत राहतात आणि हा कोड ज्याने त्याने आपापला लिहायचा.

प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड (कामाचे धागे) असतील तर क्यू मॉड्यूलमधली प्रायॉरिटीक्यू घ्या. आत हीपक्यूच आहे, वर लॉक, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड रांगेला हात लावतो. एकाच थ्रेडला तो भार कशाला? मोठं आधी काढायला पूर्वी आकडे उणे करावे लागत, पायथॉन 3.14 पासून त्याची वेगळी फंक्शन्स आली. तसंच प्रायॉरिटी बदलायचंही एक द्या.