साडेतीन टनांचे यंत्र परदेशी पाठवायचे आहे: एलसीएल, पूर्ण कंटेनर, फ्लॅट रॅक की विमान?

आधी भाडे पक्के करायचे आणि मग पॅकिंगवाल्याला बोलवायचे, हा क्रम उलटा आहे. माल कसा जाणार यावरून पॅकिंग ठरते, आणि पॅकिंगनंतरच्या मापावरून भाडे. म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करा. उदाहरणासाठी क्रेटसह (लाकडी खोक्यासह) ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, २.१ मीटर उंच आणि ३.५ टन वजनाचे यंत्र घेऊ. घनफळ झाले ११.३४ घनमीटर.

एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. इथे भाडे टन किंवा घनमीटर, यांपैकी जो आकडा मोठा त्यावर लागते. म्हणजे साडेतीन टनांच्या यंत्राला ११.३४ एककांचे भाडे पडते, आणि दोन्ही टोकांच्या गोदामांचे हाताळणी शुल्कही बहुधा त्याच मापावर. क्रेटला चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर वाढवले तर घनफळ एका घनमीटरहून जास्त वाढते. १० घनमीटरच्या पुढे गेलात तर २० फुटी कंटेनरचा दर मागवल्याशिवाय एलसीएल घेऊच नये, असे आमचे मत आहे.

पैशांपेक्षा मोठा फरक हाताळणीत आहे. गोदामात फोर्कलिफ्ट तुमचा क्रेट अनेकदा उचलते, सरकवते आणि त्यावर दुसऱ्याचा माल रचते. त्यामुळे क्रेट पूर्ण बंद हवा, छत भार पेलणारे हवे, गुरुत्वमध्याची खूण दोन लगतच्या बाजूंवर हवी. यंत्राचे वजन एका टोकाला असेल आणि खूण नसेल, तर चालक काटे मधोमध घालतो आणि क्रेट कलंडतो. वेळेचेही तसेच: माल जहाजाच्या कित्येक दिवस आधी गोदामात द्यावा लागतो आणि डब्यातल्या एकाचे कागद अडले की सगळ्यांचा माल अडतो.

पूर्ण कंटेनर. २० फुटी डब्याच्या दाराची उंची साधारण २.२८ मीटर, रुंदी २.३४. आपला २.१ मीटरचा क्रेट जातो, पण काट्यांवर उचलल्यावर वर जेमतेम १८ सेंटिमीटर उरतात. उंची २.२ च्या पुढे गेली तर ४० फुटी हाय क्यूब (जास्त उंचीचा डबा) बघा. त्याचे दार सुमारे २.५८ मीटर आहे. डबा तुमच्याच दारात भरून सील होत असल्याने पूर्ण क्रेटऐवजी मजबूत स्किड (यंत्राखालचा लाकडी पाया) आणि आवरणावर भागू शकते.

मात्र बांधणी तुमच्या गळ्यात येते. खवळलेल्या समुद्रासाठी आडवे बल वजनाच्या ०.८ पट धरतात: इथे २.८ टन. लाकडावर लाकूड असताना घर्षणाने दीडेक टन अडते, उरलेले सव्वा टन तुम्हाला अडवायचे असते. तळाच्या लॅशिंग रिंगा (पट्टे बांधायच्या कड्या) साधारण एकेका टनाच्या असतात आणि पट्टा तिरका बांधला की त्याची सगळी ताकद आडव्या दिशेला मिळत नाही. नुसत्या पट्ट्यांवर विसंबू नका. स्किडला चारही बाजूंनी लाकडी चोक (सरकू न देणारे अडसर) द्या. भिंतीला टेकवायचे असेल तर मध्ये आडव्या फळ्या घालून भार पसरवा, नाहीतर पन्हळी पत्रा वाकतो.

जहाजावर चढण्यासाठी व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचे पडताळलेले एकूण वजन, लागतेच. १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय भरलेला डबा चढत नाही. बेरीज करून काढत असाल तर यंत्राबरोबर क्रेट, चोक, पट्टे आणि दारावर लिहिलेले रिकाम्या डब्याचे वजन धरा. बहुतेक चुका चोक-पट्टे विसरल्याने होतात.

फ्लॅट रॅक, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर, फक्त उंची-रुंदी डब्यात मावतच नसेल तर. बाजूला आलेल्या भागामुळे शेजारच्या जागाही अडतात आणि त्यांचे भाडे तुमच्यावर येते. खारे पाणी थेट अंगावर येते, म्हणून सर्वांत भक्कम आवरण इथेच लागते.

विमान. इथे घनमीटरला सुमारे १६७ किलो धरतात. ११.३४ घनमीटरचे १,८९० किलो होतात, म्हणून भाडे खऱ्या ३,५०० किलोंवर. प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १.६ मीटरपर्यंतचाच माल जातो, २.१ मीटरसाठी मालवाहू विमानच हवे. तेल, इंधन, बॅटऱ्या राहिल्या तर माल धोकादायक वर्गात जाऊन अडू शकतो, तेव्हा टाक्या आधीच रिकाम्या करा.

गंज आणि लाकूड या दोन गोष्टी कोणत्याही मार्गाला सुटत नाहीत. लांबच्या सागरी प्रवासाला ॲल्युमिनियमचे थर असलेली फॉइल, आत डेसिकंट (ओलावा शोषणारा पदार्थ) आणि हवा ओढून केलेले सील हवे. साध्या प्लास्टिकमधून बाष्प हळूहळू आत येतच राहते. फॉइल बहुधा फुटते ती स्किडचे बोल्ट तिच्यातून जातात तिथे: खाली रबराची गादी आणि वायसरला सीलंट द्या. अखंड लाकूड आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवलेले आणि शिक्का असलेले हवे. ऐनवेळी चोक म्हणून घातलेली बिनशिक्क्याची एक फळीसुद्धा उतरणीच्या बंदरात माल अडवते. प्लायवुडला हा नियम नाही. ओले लाकूड मात्र शिक्का असूनही डब्यात घालू नका, कारण त्यातलेच पाणी छतावर जमून यंत्रावर ठिबकते.