विमानामागचे भोवरे: जमिनीवरच्या पाट्या की वेळेचं अंतर?

मोठ्या विमानाच्या पंखटोकांमागचे भोवरे जमिनीजवळ आले की खाली सरकणं थांबतं आणि ते दोन बाजूंना पांगू लागतात. त्यांच्यापैकी एकाच्या सरकण्याविरुद्ध मंद आडवा वारा असेल तर तो नेमका धावपट्टीवरच रेंगाळतो. मागून उतरणाऱ्या विमानाला धोका तिथे आहे.

पहिला उपाय जर्मनीच्या डीएलआर या हवाई-अंतराळ संशोधन संस्थेचा: धावपट्टीच्या अलीकडे, उतरण्याच्या मार्गाखाली उभ्या पाट्यांच्या रांगा. भोवऱ्याखालची हवा पाटीवर आपटून दुय्यम भोवरे उठतात, ते मुख्य भोवऱ्याला वेढा घालून त्याच्या लांबीभर पसरतात आणि तो लवकर विरतो. व्हिएन्ना विमानतळावर 2019 मध्ये चाचणी झाली. सर्वांत चिवट भोवऱ्यांचं आयुष्य 22 ते 37 टक्क्यांनी घटलं. मात्र पाट्या अडथळ्यांसाठी ठरलेल्या उंचीच्या मर्यादेखाली आणि धडकेत सहज मोडणाऱ्याच हव्यात.

दुसरा, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 2015 पासून: उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये मैलांऐवजी सेकंदांत अंतर. जमिनीसापेक्ष वेग 140 नॉट (तासाला 140 सागरी मैल) असताना 5 सागरी मैलांना सुमारे 129 सेकंद लागतात. समोरच्या वाऱ्याने तो 110 वर आला की 164. हे वाया जाणारे सेकंद परत मिळतात, कारण जोरदार वाऱ्यात भोवरे लवकर मरतात. पण ही पद्धत स्वतः भोवरा विरवत नाही आणि शांत हवेत फायदा शून्य. पाट्यांची खरी गरज तेव्हाच, म्हणून सुरक्षिततेसाठी आमचा कौल पाट्यांना.