चारची सांगून अडीचची घातली: वायरिंगमध्ये माझे 1,42,500 गेले

लिहायची लाज वाटते. अंबडला वर्कशॉपात 19 वर्षं जाडी मोजायचा व्हर्नियर हातात घेऊन उभा असतो, आणि माझ्याच घरात चारच्या (म्हणजे चार चौरस मिलिमीटरच्या जाड) वायरीऐवजी अडीचची गेली ते मला दिसलं नाही.

ठेकेदार मेव्हण्याच्या ओळखीतला. "दादा, प्लास्टिकचे पाइप उंदीर खातात, लोखंडी टाकू, जन्माचं काम." ठरलं असं की दोन एसी आणि गिझर, प्रत्येकाला चारची स्वतंत्र वायर. 60,000 आगाऊ दिले, पाइपासाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवल्यावर 55,000, शेवटी 27,500. बिल मागितलं तर "जीएसटीचे पंचवीस हजार उगाच वाढतील दादा." मीही मान डोलावली. कोण नाही डोलवत?

ती दुपार मात्र डोक्यातून जात नाही. पोरगा एकाच पाइपात चौथ्या सर्किटच्या वायरी ओढत होता. जाईनात. साबण लावला, पक्कडीने खेचल्या, पाइपाच्या तोंडाशी इन्सुलेशन खरवडल्याचा आवाज आला. मी चहाचा कप घेऊन शेजारीच. "बसतंय ना?" एवढंच विचारलं. वायरीवर ठरावीक अंतराने जाडी छापलेली असते, नुसतं वाकून वाचायचं होतं. पण रात्रपाळी करून आलेलो, आई दवाखान्यात. त्यात कुणाला सुचतं?

एप्रिलात दोन्ही एसी लावले की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. ठेकेदाराने 16 अँपिअरचा काढून 32 चा बसवला, वर 850 घेतले. मी आभार मानले!

जळका वास यायला लागला तेव्हा दुसऱ्या वायरमनने बोर्ड उघडला. दोन्ही एसी एकाच अडीचच्या वायरीवर जोडलेले. ही वायर पाइपात एका सर्किटपुरती असेल तर साधारण 24 अँपिअर पेलते. चार सर्किटं एकत्र कोंबली की वायरी एकमेकींना तापवतात, मग 15-16 वर येते. उन्हाळ्यात 40 अंशांत त्याहूनही खाली. आणि वर एमसीबी 32 चा, म्हणजे वायर जळेल पण तो पडणार नाही. एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा बसवू देऊ नका, सख्खा भाऊ म्हणाला तरी. अर्थिंगची वायर तर नव्हतीच, ठेकेदाराचं म्हणणं "पाइपच अर्थिंग", आणि पाइपाचे जोड ढिले. बोर्डामागचं इन्सुलेशन चिंचेच्या वाळक्या टरफलासारखं हातात आलं.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. वीजवाले म्हणाले, मीटरपर्यंत आमचं, पुढचं तुमचं. तिसऱ्या कार्यालयात विचारलं, ठेकेदाराकडे लायसन आहे? नाही. "मग कारवाई कुणावर करायची?" अहो, लायसन नाही म्हणूनच तर आलोय! तीन खेपा, दोन अर्ध्या रजा, आणि त्यांनीच हरवलेल्या झेरॉक्स पुन्हा माझ्याच खर्चाने. साहेब जेवायला गेलेत, ते अजून जेवतायत.

झिरी बुजवायच्या आधी प्रत्येक पाइपाचा फोटो काढा, पैसे त्यानंतर. लायसन आधी बघा. पक्कं बिल घ्याच, माझं तिथेच घोडं अडलंय. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, 1915 वर फोन करता येतो. मी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कोटेशनच्या जोरावर तक्रार केली आहे.

भिंती फोडून नवीन वायरिंगला 48,300 गेले. जुन्या वायरी पिशवीत जपून ठेवल्यात. करपला नाही त्या तुकड्यावर 2.5 छापलेलं आहे, चष्म्याशिवाय वाचता येतं.