एलपी६०एक्स यूएसबी: कपाटात तबकड्या असतील तरच घ्या

गोव्यातल्या कितीतरी घरांत नाट्यसंगीताच्या, ख्यालाच्या एलपी कपाटात पडून आहेत. त्या ऐकायच्या आणि संगणकात उतरवून ठेवायच्या असतील, तर ऑडिओ-टेक्निकाचा हा प्लेअर पुरेसा आहे. पण आधी तबकडीवरचं लेबल वाचा. हा फक्त मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेऱ्यांचा. केरीच्या केसरबाई केरकरांची, एका बाजूला तीनेक मिनिटं वाजणारी ७८ फेऱ्यांची तबकडी यावर लावू नका. वेग जुळत नाहीच, शिवाय तिची चर एलपीच्या चरीपेक्षा खूप रुंद. ही बारीक सुई तळाशी घासत जाते.

जोडणी सोपी आहे. ताटलीखालचा पट्टा त्याला लावलेल्या फितीने ओढून मोटरच्या कप्पीवर चढवायचा. पट्ट्याला पीळ राहिला तर सूर हलतो. मागचं बटण अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स (साध्या) जोडणीसाठी ‘लाइन’वर, फोनो (खास तबकडीच्या) जोडणीसाठी ‘फोनो’वर. उलट झालं तर आवाज अगदी क्षीण येतो किंवा फाटतो. प्लेअर परत करायला नेण्याआधी हे बटण बघाच.

खरी परीक्षा बाजूच्या शेवटी. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आणि आपल्या ख्यालात द्रुत, ताना, तारसप्तक सगळं तिथेच येतं! या सुईचं टोक गोल, त्यामुळे तिथले बारीक वळसे तिला पकडता येत नाहीत, ‘स’ फुसफुसतो. सुईचा दाब बदलायची सोय नाही, कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भागही बदलता येत नाही. सीडीत हा प्रश्नच उद्भवत नाही, नोंदीचा दर्जा (४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट) पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. विनाइलचा, म्हणजे एलपीचा आवाज मुळातच सरस, हे आम्हाला मान्य नाही. डिजिटल मास्टरवरून (मूळ ध्वनिमुद्रणावरून) छापलेल्या नव्या एलपीसाठी हा प्लेअर घेऊ नका. जुनी तबकडी मोलाची, कारण तिच्यावरचं गाणं कित्येकदा दुसरीकडे मिळतच नाही.

पावसाळ्यात कागदी पाकीट ओल धरतं आणि चरींत बुरशीचे पांढरे ठिपके उठतात. तबकडी तशीच वाजवली तर सुईला गोळा चिकटतो, आवाज घुसमटतो. ती बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) न्या, नाकाला फडकं बांधा, मऊ ब्रश चरीच्या दिशेने फिरवा. मग डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्यानंतर नुसतं डिस्टिल्ड पाणी. लेबल भिजू देऊ नका. उभी ठेवून पूर्ण वाळवा, जुनं आतलं पाकीट फेकून द्या. लाखेच्या ७८वाल्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

धुतल्यावरच उतरवायला घ्या. यूएसबीने ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये १६ बिट, ४४.१ वर. आधी सर्वांत जोरकस तान वाजवून पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी ठेवा. मूळ प्रत फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये) जपा. गाडीत ऐकायला एमपी३ तिच्यावरून केव्हाही काढता येते.