गार्मिन अप्रोच आर१०: प्रत्येक क्लबचं अंतर मोजायला कितपत कामाचं?

गोल्फमध्ये आपला कोणता क्लब बॉल हवेतून किती यार्ड नेतो, एवढं एकच काम गार्मिनच्या या छोट्या रडारकडून करून घ्यायचं असेल, तर आर१० जरूर घ्यावं. स्पिनच्या, म्हणजे बॉल हवेत स्वतःभोवती किती फिरतो त्याच्या, आकड्यांसाठी घेणार असाल तर मात्र थांबा.

२०२१ मध्ये अमेरिकेत ५९९ डॉलरला बाजारात आलेलं हे यंत्र जेमतेम १५० ग्रॅमचं आहे. त्याला स्वतःचा स्क्रीन नाही. सगळे आकडे ब्लूटूथने फोनवरच्या गार्मिन गोल्फ अॅपमध्ये येतात. आत डॉप्लर रडार आहे. क्लबचा वेग, बॉलचा वेग, बॉल किती अंशांत उठला (लाँच अँगल) आणि कुठल्या दिशेला निघाला, हे ते मोजतं. कॅरी, म्हणजे बॉल टप्पा पडेपर्यंत हवेत किती गेला, तो या मोजमापांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे मूळ मोजमाप चुकलं की कॅरी चुकलाच.

कंपनीने स्वतः दिलेली अचूकता अशी: बॉलचा वेग ताशी १ मैल इकडेतिकडे, क्लबचा वेग ३ मैल, लाँच अँगल १ अंश, कॅरी ५ यार्ड. यातला बॉलच्या वेगाचा आकडा सर्वात भरवशाचा. स्मॅश फॅक्टरचं, म्हणजे बॉलच्या वेगाला क्लबच्या वेगाने भागून येणाऱ्या आकड्याचं, तसं नाही. समजा सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) क्लबचा वेग ८० आणि बॉलचा १०६ दाखवला. क्लबच्या वेगातली ३ मैलांची सूट धरली तर स्मॅश १.२८ ते १.३८ यांत कुठेही असू शकतो. एकेका शॉटच्या स्मॅशवरून फटका कसा बसला ते ठरवू नका. सेव्हन आयर्नला सतत १.४५ वगैरे दिसू लागला तर मांडणीत गडबड आहे असं समजा.

मांडणी हाच या यंत्राचा नाजूक भाग. ते बॉलच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवायचं आणि बॉलच्या पातळीतच. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मॅट जमिनीपासून ३ सेंटीमीटर उंच असते आणि यंत्र खाली सिमेंटवर ठेवलं जातं, हे सर्रास दिसतं. २ मीटरवर ३ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ १ अंश. लाँच अँगलचा हिशेब तिथेच बिघडू शकतो. खाली लाकडी फळीचा तुकडा टाकला की काम होतं. दिशेचंही तसंच. यंत्र ७ सेंटीमीटर बाजूला सरकवून तिथून बॉलकडे रोखलं तर रेषा २ अंश फिरते आणि १५० यार्डांवर सरळ गेलेला बॉल ५ यार्ड बाहेर दिसतो. मग माणूस उगाच आपला स्विंग दुरुस्त करत बसतो! बॉलच्या पुढे टार्गेटच्या रेषेत अलाइनमेंट स्टिक (दिशा दाखवणारी काठी) टाका आणि यंत्र, बॉल, स्टिक एका ओळीत आहेत का ते मागे उभं राहून बघा.

अॅपमध्ये दोन गोष्टी आधी तपासा. एकक यार्ड आहे की मीटर? कोर्सवरची खूण १५० मीटरची असेल तर ते १६४ यार्ड होतात, म्हणजे जवळपास एका क्लबाचा फरक. दुसरं, क्लब बदलला की अॅपमध्येही बदलावा लागतो. हे विसरलात तर नाइन आयर्नचे शॉट एटच्या खात्यात जमा होतात आणि पुढे ते निस्तरणं कटकटीचं.

आता बॉल. रेंजचे बॉल घासून गुळगुळीत झालेले असतात, काही ठिकाणी तर मुद्दाम कमी अंतर जाणारे ठेवतात. लांब क्लबला १० टक्क्यांपर्यंत तूट येऊ शकते. यंत्र प्रामाणिकपणे तोच कमी आकडा दाखवतं. यावर उपाय म्हणजे नेटमध्ये आपल्या नेहमीच्या बॉलने खेळणं, कारण तिथे बॉल परत हातात येतो. बॉलपासून नेटपर्यंत निदान ८ फूट मोकळे हवेत. मात्र एवढ्या कमी उड्डाणात स्पिन मोजला जात नाही, अंदाजाने धरला जातो. टायटलिस्टचे आरसीटी बॉल रडारला स्पिन पकडता यावा म्हणूनच बनवलेले आहेत; वेजचे (कमी अंतरासाठी बॉल उंच उडवणाऱ्या क्लबचे) आकडे हवे असतील तर दोनचार घेऊन ठेवा. घरात नेट लावलं असेल तर छताचा पंखा बंद ठेवा. फिरती पाती डॉप्लर रडारला हलती वस्तू म्हणूनच दिसतात. रेंजवर शेजारच्या बेमधला (मारण्याच्या जागेतला) शॉट कधीकधी आपल्या नावावर चढतो, तो लगेच काढून टाका.

अॅप जी सरासरी दाखवतं ती जशीच्या तशी उचलू नका. एट आयर्नचे १० शॉट असे पडले समजा: १२८, १३१, १२६, १३३, १०४, १३०, १२९, ११२, १३२, १२७. सरासरी येते १२५. पण नीट बसलेले आठही शॉट १२६ ते १३३ मध्ये आहेत, त्यांची सरासरी १२९.५. क्लब निवडताना १२९ धरायचे. १०४ आणि ११२ मात्र वहीत राहू द्या. समोर १२० यार्डांवर पाणी असेल तेव्हा त्या दोन शॉटचाच विचार करायचा असतो, कारण दहात दोन म्हणजे थोडे नाहीत. टोटलचा, म्हणजे कॅरी अधिक जमिनीवरचा रोल असा, आकडा तर बघूच नका. मे महिन्यात टणक फेअरवेवर आणि ऑगस्टच्या चिखलात रोल सारखा कसा येईल?

एका बैठकीत अख्खी बॅग मारू नये. वेज आणि छोटे आयर्न एका दिवशी, बाकीचे दुसऱ्या दिवशी. दमलेल्या हातांनी मारलेल्या ड्रायव्हरचा (सर्वात लांब मारणाऱ्या क्लबचा) आकडा पाचदहा यार्ड कमी येतो आणि तोच डोक्यात बसतो. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये साधारण १० ते १५ यार्डांचं अंतर असावं. ५ यार्डच पडत असेल तर आधी क्लबांचे लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) तपासून घ्या.

मॅटचा एक दोष कुठलंही यंत्र दाखवत नाही. बॉलच्या मागे बसलेला फटका मॅटवरून घसरून निघून जातो. तोच गवतावर २० यार्ड खातो. उंचीचाही फरक पडतो: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथला १५० यार्डांचा शॉट मुंबईत साधारण ३ यार्ड कमी जातो.

१० तासांची बॅटरी आणि आयपीएक्स७ दर्जाचं पाण्यापासून संरक्षण या दोन्ही गोष्टी आपल्या हवेत उपयोगी आहेत. उन्हात आधी फोनच तापून मान टाकतो, म्हणून तो बॅगेच्या सावलीत ठेवा. अंतरं मोजायला वर्गणी लागत नाही. ती घरबसल्या कोर्स खेळण्याच्या होम टी हीरोसाठी आहे. रॅप्सोडो कंपनीच्या याच प्रकारच्या एमएलएम२प्रो यंत्रामध्ये रडारसोबत कॅमेरे आहेत, स्पिनसाठी ते सरस. पण त्यालाही खुणांचे खास बॉल लागतात. परदेशातून मागवणार असाल तर वॉरंटी भारतात चालेल का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आकडे वहीत उतरल्यावर एकदा कोर्सवर पडताळून घ्या. संध्याकाळी रिकाम्या होलवर लेझर रेंजफाइंडरने पिनचं अंतर घ्या, वेजने पाच बॉल ग्रीनवर टाका आणि पिच मार्कपर्यंतची पावलं त्यात मिळवा किंवा वजा करा. पिच मार्क म्हणजे बॉलचा टप्पा पडून ग्रीनवर उमटलेली खूण, म्हणजेच कॅरी. हा आकडा यंत्राच्या आकड्यापासून ५ यार्डांहून जास्त हटत असेल, तर फळी आणि स्टिक पुन्हा लावून त्या क्लबचे दहा शॉट परत मारा. पिच मार्क दुरुस्त करूनच ग्रीन सोडा.